चौशिंग्या

वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यात पूर्वी चार शिंगांचे काळे मेंढे कळपाकळपातून दिसायचे. आता ठकूबाईकडचा चौशिंग्या एकटाच उरला होता आणि जत्रेत देवीला बळी द्यायला वाडीनं नेमका तोच धरला.

"वंशाला तरी ऱ्हाऊ द्या की वो!" ती पुजाऱ्याच्या पाया पडली.

"आक्का, ते देवीच ठरवंल." रीत जुनीच होती. मेंढ्यावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवीनं पत्करला, नाहीतर सुटला.

तांब्या रिकामा झाला, तरी चौशिंग्या ढिम्म उभा.

"न्हाई पत्करला. सोडा रं दोरी!"

ठकूबाई धावली. त्याच्या मानेला मिठी मारून आनंदानं ढसाढसा रडली.



दोरीची गाठ सुटायच्या आत तिची आसवं त्याच्या कानात गेली, आणि चौशिंग्यानं साऱ्या वाडीदेखत अंग झाडलं.