खडूचे बूट

"चपला-बूट खालीच काढून या गं पोरींनो! साहेब स्वतःच्या हातानं नवे बूट घालणारेत," फोटोग्राफर ओरडला, तशी पहिल्या रांगेतली इंदुमती खुर्चीत पुन्हा चुळबुळली. साहेब म्हणजे तिचाच लेक, कबड्डीतला नावाजलेला खेळाडू. ट्रस्टही घरचाच, तिच्या नवऱ्याच्या नावाचा. बूट गरीब घरच्या खेळाडू मुलींसाठी. तरी सकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

मुली अनवाणी स्टेजवर चढल्या. शेवटची तेवढी बूट घालूनच आली. जुनेच, कॅनव्हासचे, पण पांढरेशुभ्र.

"अगं, फोटोत अनवाणी पाय हवेत. काढ ते!"

"आईनं कालच पांढरे केलेत," मुलगी पुटपुटली आणि तशीच उभी राहिली.

इंदुमतीनं पदराचं टोक बोटाला करकचून गुंडाळलं. तो पांढरा रंग तिच्या ओळखीचा होता. शाळेच्या सामन्यांआधी लेकाचे विटके बूट तीही असाच ओला खडू घासून पांढरे करायची, आणि वाळेपर्यंत त्याला जवळ फिरकू द्यायची नाही.

"साहेब, तुम्हीच काढा तिचे. झकास फोटो येईल!"

लेक हसत गुडघ्यावर बसला. त्यानं बुटाकडे हात नेला.

इंदुमती ताडकन उठली. "हात लावू नको रे! खडू निघेल!"

लेकानं वळून आईकडे पाहिलं, आणि हात चटकन पाठीमागे लपवला. लहानपणी लपवायचा तसाच.