स्वखुशीने

शांताबाईने सही करायच्या आधी फॉर्म वाचायला घेतला, तेव्हा बाळकुमच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये तिच्या मागे अकरा जण रांगेत होते. सगळ्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या एकाच मॉडेलच्या. बॅटरीत दोष निघाला होता, दोन ठिकाणी उभ्या गाडीने पेट घेतला होता, आणि कंपनी आता विकलेल्या सगळ्या गाड्या परत विकत घेत होती.

"आजी, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर." काउंटरवरच्या जोविटाने पेन्सिलीने तीन फुल्या मारून ठेवल्या होत्या.

शांताबाई बोटाने ओळ धरून वाचत राहिली. गाडी तिच्या नावावर होती. बाईच्या नावाने कर्जाला व्याज कमी, म्हणून मुलाने, सुमितने, तशी घेतलेली. चालवायचा मात्र जगन, तिचा नवरा. सहासष्टाव्या वर्षी शिकला. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही, म्हणून जमलं. मग दर रविवारी शांताबाईला शेजारी बसवून मोहने गावी तिच्या बहिणीकडे. आज सकाळीही ठाकुर्लीहून चाळीसच्या वर न जाता त्यानेच गाडी इथवर आणली होती, आणि तीही धुऊन.

"आजोबा, धुतली कशाला? ही आता तोडायलाच जाणार," जोविटा म्हणाली होती.

"आपल्या घरून चाललीय ना," जगन म्हणाला होता.

दुसऱ्या पानावर शांताबाईचं बोट थांबलं. तिने मोठ्याने वाचलं, "'मी सदर वाहन स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय कंपनीस परत करीत आहे.' हे खरं नाही, बाळा."

"ते सगळ्यांनाच असतं, आजी. फॉरमॅट आहे तो."

"असेल. पण मी खुशीने नाही देत. चार महिने सोसायटीने गाडी आत घेऊ दिली नाही, नाल्याच्या कडेला उघड्यावर उभी केली. साठ टक्क्यांच्या वर चार्ज करू नका म्हणालात, नाही केली. आता आणून द्या म्हणालात, आणली. यात माझी खुशी कुठेय?"

जोविटाने हेड ऑफिसला फोन लावला. कोपऱ्यात उभी राहून बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"शब्द बदलता येणार नाही, सांगतायत. सही नसेल तर केस पेंडिंग. मग पुढची तारीख कधी देतील, मलाही माहीत नाही, आजी."

जगन खुर्चीवरून पुढे वाकला. "अगं, कर ना सही. एका शब्दाने काय होतं? लोक थांबलेत मागे."

शांताबाईने चष्मा काढला. फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "कारखान्यातून काढलं तेव्हा तुमच्याकडून पण लिहून घेतलेलं. स्वेच्छेने राजीनामा. घरी येऊन तुम्ही हेच म्हणालेलात, एका शब्दाने काय होतं. बावीस वर्षं झाली. सुमितने विचारलं, पप्पा, तुम्ही नोकरी का सोडलेली, तर अजून उठून बाहेर जाता."

जगन काचेपलीकडे उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिला. मग उठला. शांताबाईला वाटलं, चालला बाहेर. आपण हे इथे बोलायला नको होतं.

तो काउंटरपाशी गेला.

"चावी द्या, मॅडम."

"आजोबा?"

"गाडी परत नेतो. खोटं लिहून नाही देणार आम्ही."

"अहो आजोबा, ती चालवणं धोक्याचं आहे."

"माहितेय. म्हणूनच तर आणलेली."

रांगेत पहिला उभा होता तो बाळकुमचाच गॅब्रिएल. त्याने आपल्या हातातला फॉर्म उलगडला. सही त्याने घरीच करून आणली होती. "बाय, माझ्या कागदावर पण हेच लिवलंय काय गो?" तो म्हणाला. "मी बघलंच नाय." त्याच्या मागच्या बाईनेही पर्समधून कागद काढला.

जोविटाने चावीवर हात ठेवला, पण दिली नाही. एकदा फोनकडे बघितलं, एकदा रांगेकडे. मग ड्रॉवरमधून पट्टी काढून ती ओळ सरळ रेघेने खोडली.

"वरचे ओरडले तर मी बघेन," ती म्हणाली. "काय लिहू, आजी? तुम्ही सांगा."

शांताबाईने चष्मा परत चढवला. "लिही. गाडीच्या बॅटरीत दोष निघाला. कंपनीने परत मागितली, म्हणून देत आहे." जरा थांबली. "आणि लिही, गाडी आम्हाला आवडत होती."

"हे पण लिहू?"

"खरं आहे ना ते."

जोविटाने गोल अक्षरात तिन्ही वाक्यं लिहिली. शांताबाईने सह्या केल्या.

"हाताने बदल केलाय, तर साक्षीदाराची सही लागेल." जोविटाने पेन जगनपुढे धरलं.

जगनने पेन घेतलं नाही. खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तो सावकाश वाचत होता. पान उलटल्यावर एकदा मागे जाऊन परत खात्री करून आला.

रांगेतल्या कोणीच घाई केली नाही.