आमचे मालक

"हे कोण तुमचे?" २०१८ च्या जानेवारीत हैदराबादच्या एका अठरा मजली हॉटेलात काउंटरवरच्या मुलीनं तारामतीला विचारलं.

"मालक हायत आमचे," तारामती म्हणाली.

मुलगी देगलूरची निघाली, शिल्पा नावाची. गावाकडची बोली ऐकून ती हसली, संगणकावर काहीतरी टिपलं आणि एकच कार्ड पुढं केलं. "चौदावा मजला. खोलीतून तळं दिसतं."

वैजनाथनं कार्डाकडं पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण मागची रांग ढकलत होती. त्यानं कार्ड तारामतीच्या हातात दिलं.

डाळमिलवाल्यांची तीन दिवसांची परिषद होती. जळकोटची वैजनाथची मिल दोन वर्षं अर्धीच चालत होती. इथं मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पाडव्याला मिलला कुलूप लागणार होतं आणि डाळ निवडणाऱ्या बारा बायका घरी बसणार होत्या. वैजनाथला डाळ विकता यायची, पण पारखावी ती तारामतीनंच. म्हणून तो तिला सोबत घेऊन आला होता.

काचेची लिफ्ट वर निघाली, तशी तारामतीनं दांडी धरली. खाली माणसं तुरीच्या दाण्याएवढी झाली.

"अहो, आपण वर चाललो का जमीन खाली चालली?"

"डोळे मीट."

"मिटू कशाला? पुन्हा कवा बघायचं?"

कार्ड टेकवताच दार उघडलं. समोर भिंतभर काच आणि काचेपलीकडं अख्खं तळं, उन्हात चमचमणारं. तारामतीनं चपला बाहेरच काढल्या. पलंगावरची चादर इतकी पांढरी होती, की ती बसलीच नाही. नुसता हात फिरवून बघितला.

वैजनाथ दारातच उभा होता. "मी अमृतरावाच्या खोलीत राहतो. त्याच्याशी लई बोलायचंय."

लोह्याचा अमृतराव त्याचा जुना दोस्त, तोही मिलवाला. तो जेवताना म्हणाला, "तळ्याकाठचा राजवाडा सोडून माझं घोरणं ऐकायला आला व्हय रे?" वैजनाथ पोळीचा तुकडा मोडत राहिला.

नांदेडहून तनुजाचा फोन आला. ती तिथं कॉलेजात शिकत होती.

"पप्पांनी गोळी घेतली का?"

"माझ्या समोर घेतली. पोरी, इथं नळाला नुसता हात दाखवला की पाणी येतंय. अन् दारं आपल्याला बघून आपली आपण बाजूला होतात. जशी काय आपण कुणी मोठी माणसं."

"तू हायसच मोठी," तनुजा म्हणाली.

सकाळी नाश्त्याला चाळीस पदार्थ मांडलेले होते. तारामती रिकामी ताटली घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, देवळात प्रदक्षिणा घालावी तशी. वैजनाथनं वाढून घेतल्यावरच तिनं दोन इडल्या घेतल्या.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सुदर्शनशेठ आले. तीन पिढ्या हैदराबादेत राहिलेलं मराठी घर, पन्नास दुकानं. ज्याच्या डाळीला ते हो म्हणतील, त्याचं कल्याण. त्यांनी टेबलावर तूरडाळीच्या पाच वाट्या मांडल्या आणि जमलेल्या मिलवाल्यांना म्हणाले, "सांगा, यातली कोणती घेऊ?"

सगळ्यांची बोटं तिसऱ्या वाटीकडं गेली. सोन्यासारखी चमकत होती ती डाळ. वैजनाथनं मागं वळून पाहिलं. तारामती पुढं आली. तिनं एकेक दाणा दाताखाली फोडला, चिमूट तळहातावर चोळली, वास घेतला.

"ही तिसरी तेल चोळून चमकवलीय. आत जुनी हाय, शिजायची न्हाई लवकर. घ्यायची तर ही कडेची घ्या. दिसाया मळकी हाय, पण काळ्या रानातली हाय."

सुदर्शनशेठनी तिथल्या तिथं दोन्ही डाळी मुदपाकखान्यात शिजवायला धाडल्या. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मग आचारी दोन पातेली घेऊन आला. कडेच्या वाटीतली डाळ लोण्यासारखी मऊ झाली होती. तिसरीचे दाणे अजून तसेच होते.

शेठनी तारामतीला हात जोडले. "वहिनी, ही तिसरी मी उद्या घेणार होतो. कुठं शिकलात हे?"

वैजनाथ गडबडून काही बोलणार होता. तारामती खाली मान घालून म्हणाली, "वीस वर्षं झाली यांच्या दारात येऊन. आल्या दिवसापासनं हातात सूपच हाय."

"मग माझा वर्षाचा माल जळकोटचा. पण अट आहे, वैजनाथराव. प्रत्येक लॉट वहिनींनी पारखलेला हवा. त्या नसतील त्या दिवशी करार मोडला."

अमृतराव मोठ्यानं हसला. वैजनाथ हसला नाही. सगळ्यांसमोर त्यानं तारामतीला हळूच विचारलं, "राहशील?"

"आजवर कुठं गेले व्हय?" ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं खिडकीची जागा घेतली. हॉटेलचा अठरावा मजला दिसेनासा होईपर्यंत ती मागं बघत होती.

पाडव्याला मिलला कुलूप लागलं नाही. उलट दुसरी शेड उभी राहिली आणि बाराच्या वीस बायका झाल्या. सुदर्शनशेठ आता थकले आहेत, पण माल अजून जळकोटचाच घेतात. अमृतरावनं मिल विकली, तो नांदेडला लेकाकडं असतो. शिल्पा त्याच हॉटेलात मॅनेजर झाली. तनुजा लातूरला बँकेत आहे. आणि वैजनाथ व तारामती यांनी त्याच वर्षी अक्षय्य तृतीयेला, वैजनाथच्या आईविना वाढलेल्या लेकीच्या, तनुजाच्या हट्टापुढं काही न चालून, लग्न केलं.