हयातीचा दाखला

यंत्राने तिसऱ्यांदा नकार दिला. निवृत्तीच्या दिवशी काढलेल्या फोटोशी उपळेकर बाईंचा आजचा चेहरा जुळत नव्हता.

"बाई, दोन इंजेक्शनं आहेत," पेन्शनच्या खिडकीमागचा हेमंत म्हणाला. "एक सुरकुत्या भरून काढतं, दुसरं कपाळाचे स्नायू झोपवतं. कोणतं देऊ? त्याशिवाय तुम्ही जिवंत असल्याचा दाखला निघणार नाही."

"अरे, चौथीत तुला पाढे मी शिकवले! तू तरी ओळखतोस ना मला?"

"ओळखतो बाई. पण माझं ओळखणं धरत नाहीत."

बाईंच्या कपाळावर आठी चढली. "उभा राहून बोल!"

हेमंत ताडकन उभा राहिला.

"आणि हीच आठी झोपवायला निघालायस?"

मान खाली घालून हेमंतने यंत्र पुन्हा बाईंसमोर धरलं. यंत्र चौथ्यांदा नकार देत म्हणालं, "समोर कोणी नाही."