आरशातली सोबत

टाकीतला लाल मासा पुन्हा मागच्या आरशावर धडकला आणि काचवाल्यानं वाकून आत पाहिलं. वर टाकलेलं खाद्य तसंच फुगून तळाला चाललं होतं. आज अकरावा दिवस.

"इथलं पाणी नाही मानवलं त्याला," जेवणाच्या टेबलावरून आबा म्हणाले. "मलाही नाही. चारला गाडी येतेय. आम्ही दोघं आपले परत जातो."

आबा म्हणजे काचवाल्याचे वडील. आत्ता कुठे बारा वाजत होते, पण त्यांची पिशवी सकाळीच दारापाशी येऊन बसली होती. पुढ्यातलं ताट रोजच्यासारखंच निम्मं राहिलं होतं. तिकडे त्यांच्या घरी ते एकटे असत आणि दोनदा गॅस चालू ठेवून झोपले होते. तिसऱ्यांदा काय होईल, या विचारानं काचवाल्याची झोप उडाली होती. हातापाया पडून त्यानं त्यांना इकडे आणलं, तर त्यांनी अट घातली की मासाही बरोबर येईल. आला. आता मासा गेला की आबाही गेले, एवढं त्याला स्वच्छ कळत होतं.

त्यानं काही कमी केलं होतं अशातला भाग नाही. माशासाठी त्यानं स्वतःच्या हातानं नवी टाकी बनवली. टाकीच्या मागच्या काचेला कोणी निळा कागद लावतात, कोणी रंग देतात. हा पडला आरसेवाला. ज्या माणसानं अर्ध्या शहराला "आरसा लावा, जागा दुप्पट दिसते" म्हणून आरसे विकले, तो माशाच्या पाठीशी कागद लावणार होय? त्यानं कडा घासलेला, बिनडागाचा आरसा चिकटवला. एकट्या जिवाला तेवढीच सोबत. याच विचारानं त्यानं आबांनाही टेबलाशी मानाची जागा दिली होती, भिंतभर आरशासमोरची. दुकानामुळे नवरा-बायको मागाहून जेवत, तेव्हा आबांना एकटं वाटायला नको.

बायको हात पुसत आली, टाकीसमोर वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"अहो, पाण्याचं काही नाही. हा भांडतोय."

"कोणाशी?"

"तुमच्या आरशातल्याशी! बघा की, कल्ले कसे फुगवलेत. समोर वैरी उभा असताना कोणाला घास गोड लागेल?"

काचवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं तीनदा पाणी बदललं होतं, औषध घातलं होतं, दिवासुद्धा बदलला होता. आरसा मात्र रोज पुसून लख्ख ठेवला होता. अशी चूक करायलाही माणूस त्याच धंद्यातला लागतो.

तो धावत जाऊन बारीक तार घेऊन आला. टाकीची काच आणि आरसा यांच्या मधून ती करवतीसारखी ओढत त्यानं चिकटलेल्या जागा कापल्या आणि आरसा अलगद सोडवला. पंचवीस वर्षांत इतक्या घाईनं त्यानं आरसा लावलाही नव्हता.

आता मागे काय लावायचं? दुकान खालीच होतं. त्यानं आधी गुळगुळीत निळी फिल्म आणून लावली. मासा निळ्या माशाशी भांडू लागला. मग काळी चकचकीत काच टेकवून पाहिली. तिच्यात मासा तर दिसलाच, वर घामाघूम काचवालाही दिसला.

"तुम्हाला चमकल्याशिवाय काही सुचतच नाही का हो?" म्हणत बायकोनं कपाटातून लेकीच्या वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद काढला. "हा लावा."

"हा? टाकीला? माझ्या घरात? लोक काय म्हणतील!"

"टाकीत लोक राहत नाहीत."

कागद लागला. मासा कल्ले फुगवून तावातावानं मागे गेला आणि थांबला. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. कोणी नव्हतं. हळूहळू त्याचे कल्ले मिटले, शेपटी सैल झाली. काचवाल्यानं चिमूटभर खाद्य टाकलं. मासा वर आला आणि त्यानं एक दाणा गट्ट केला. मग दुसरा.

"खाल्लं! अगं, खाल्लं त्यानं!"

काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. एवढ्याशा माशासाठी आपले डोळे भरून यावेत याची त्याला लाजच वाटली. हातातल्या फडक्यानंच त्यानं ते पुसले.

"आबा, आता तरी पिशवी आत नेऊ?"

आबा टाकीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवून समोर पाहिलं. आरशात एक म्हातारा निम्म्या ताटापुढे बसला होता.

"सूनबाई, कागद उरलाय का गं?"

"आहे की, अख्खी गुंडाळी आहे."

"मग हाही झाकून टाक. अकरा दिवस या म्हाताऱ्याचं तोंड बघत घास गिळतोय. एकटाच बसलेला असतो. बघवत नाही."

घरातला सगळ्यात मोठा आरसा होता तो, काचवाल्याच्या हातचा सगळ्यात चांगला. त्यानं गुंडाळी घेतली, खुर्चीवर चढला आणि वरपासून खालपर्यंत कागदाचे पट्टे शेजारी शेजारी लावत आणले. शेवटचा कोपरा दाबत असताना मागे आणखी दोन खुर्च्या ओढल्याचा आवाज आला.

"उभा काय राहिलास? बस इथं समोर," आबा म्हणाले. "तूही बस गं. आणि आधी हे गार झालेलं उचल. गरम वाढ."