साध्या पेंडीची गाय

"खरं सांगा मावशी, तांबूला पावडर घातलीत ना?" रंजिताने पुन्हा विचारलं.

"नाय घातली," भामा म्हणाली. "हात पन नाय लावला."

तांबू शेपटी हलवत उभी होती. अंगावर असा तजेला की हात ठेवला तर घसरावा. सगळा घोटाळा तोच होता.

तळोज्याच्या एका सरबताच्या कारखान्यात कोकमाचा रस काढला की सालं उरत. रंजिता आपल्या संशोधनासाठी ती वाळवून दळायची. उलव्याच्या अंगाला असलेल्या या गावात बांधकामाची धूळ माणसांआधी गुरांच्या पोटात जाते. कोकमातल्या अँटिऑक्सिडंटमुळे गाई ती सोसतील, असं तिला सिद्ध करायचं होतं. म्हणून निम्म्या गाईंना पावडर मिसळलेली पेंड आणि निम्म्यांना साधी. तांबू साध्या पेंडीची, आणि रक्ताच्या तपासणीत गावात पहिली आली ती तांबूच. शिकवणी न लावलेलं पोर पहिलं आलं की मास्तरला कौतुकाआधी संशय येतो. रंजिताला तेच झालं होतं.

"मग वेगळं काय खाते ही?"

"तू देतस ती पेंड. वर गवत. दुसरा घास मी तिला घातला नाय, देवाशपथ."

दाराशी पेंडीचं पोतं उघडंच पडलं होतं. रंजिताने त्याचं तोंड आवळलं. "झाकून ठेवा हो. कावळे नासवतील."

"कावले कुठं रायले आता?" भामा म्हणाली. "डोंगर फोडला, झाडं गेली. त्यांच्याबरोबर त्ये पन गेले."

भामाचा मुलगा प्रणित उलव्यात चौथ्या मजल्यावर राहायला गेला होता. आईलाही तिथेच न्यायचं आणि तांबूला कर्जतच्या एका गोठेवाल्याला द्यायचं, हे ठरलेलं होतं. चौथ्या मजल्यावर गाय कोण चढवणार? प्रयोग संपेपर्यंत थांबायला तो कसाबसा कबूल झाला होता. म्हणूनच रंजिता पहिल्यांदा आली, तेव्हा तिचं बोलणं पुरं होण्याआधी भामाने होकार दिला होता.

"नियम मोडला असेल तर तांबूला प्रयोगातून काढावं लागेल, मावशी."

भामाचा चेहरा पडला. कपाळावरचं ठसठशीत कुंकू घामाने ओघळलं होतं. "काढू नको गो बाय. पाया पडते तुज्या."

रंजिताला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून आकडे बदलत नाहीत. "काशीरामदादांना विचारू का?"

"त्यांना कशाला मधी आनतस?" भामा एकदम म्हणाली. "त्यांच्या जेवनाचा टायम झाला."

भामाच्या नवऱ्याला, काशीरामला, रंजिताने कधी पाहिलं नव्हतं. त्याचं ताट मात्र ती दर खेपेला पाहायची. नाव कोरलेलं स्टीलचं ताट, त्यात नाचणीची भाकरी, लाल माठ, हळदीचं वरण, आवळ्याची फोड. भामा ते पदराखाली झाकून मागल्या बाजूला घेऊन जायची. अंथरुणाला खिळलेला माणूस असणार, हे रंजिताने मनाशी धरलं होतं. सगळ्या आळीत बोंबलाचा वास दरवळायचा, पण या घरात मासळी कधी दिसली नाही. तिने एकदा विचारलंही होतं.

"आवडायची त्यांना. आता चालत नाय. म्हनून मी पन सोडली," भामा म्हणाली होती.

पथ्याचं माणूस, रंजिताला वाटलं होतं.

शेवटी तिने तांबूला प्रयोगातून काढलं आणि प्रणितला फोन करून तसं कळवलं.

"बरं झालं मॅडम," तो म्हणाला. आवाज मात्र बरं झाल्यासारखा नव्हता. "कधीतरी हे व्हायलाच पाहिजे होतं. टेम्पो घेऊन येतो."

टेम्पो आला. प्रणित खाली उतरला, पण गोठ्याकडे जाईना. तांबूच्या कानातला प्रयोगाचा बिल्ला काढायला रंजिताच मागच्या बाजूला गेली आणि दारातच थबकली.

भामा खाली बसली होती. तांबूचं तोंड काशीरामच्या ताटात होतं. भाकरी संपली होती, आता ती माठ खात होती. भामा तिच्या पाठीवरून हात फिरवत पुटपुटत होती, "सावकाश. घाई नाय."

रंजिताचा पारा चढला. "म्हणजे हे चाललं होतं! रोज? आणि देवाची शपथ घेतलीत, मावशी? आजारी माणसाच्या तोंडचा घास गाईला घालता?"

"आई, पुरे आता," मागून प्रणित म्हणाला.

भामाने ताट तांबूच्या आणखी जवळ सरकवलं.

"दहाव्याला आमी ऊन कलंपरेंत बसलो, बाय. सगल्यांनी हात जोडले, मी सपत घातली. येक कावला फिरकला नाय. मंग ही दावं तोडून आली, नि ह्यांच्या पिंडाला हिनं तोंड लावलं."