दहाचा वेग

नेटवर्क सांभाळणाऱ्या यामिनी सबनीसची नोकरी अजून कच्ची होती. त्यात मुख्य कार्यालयाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये तिच्या साहेबांचा, धारपांचा, चेहरा दर वेळी गोठायचा. "जमत नसेल तर दुसरं माणूस बघू," वरून दम आला.

दोष तिने शोधला. सगळे कॉम्प्युटर जोडणारा नेटवर्क स्विच हजार एमबीपीएसच्या वेगाला तयार होता, पण साहेबांच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड कुणीतरी दहाच्या रडतखडत वेगावर अडकवलं होतं. तिने ते सोडवलं. पुढच्या मीटिंगला पुन्हा दहा!

मग एकदा मीटिंगच्या तोंडावर ती न विचारताच केबिनमध्ये शिरली. साहेब स्वतःच सेटिंग बदलत होते.

"वरचे झापायला लागले की चित्र गोठतं," ते ओशाळून म्हणाले. "तेवढीच सुटका हो. कुठे बोलू नका."

यामिनीचा पारा चढला. "आणि तुमच्या सुटकेपायी माझी नोकरी जात होती, सर!"

"नाही, नाही! उद्याच तुम्हाला कायम करतो," साहेब घाईघाईने म्हणाले. "फक्त, कायम झालात की या मीटिंगला तुम्हालाही बसावं लागेल."

यामिनी खुदकन हसली.

"मग माझंही कार्ड आजच दहावर नेते."